आजीची ओवी आणि केळोशीची वाट

दरवर्षी भाद्रपद वद्य पक्षात आमच्या घरी श्राद्धाचा दिवस आला म्हणजे एका ठिकाणी भटजी किंचित थांबतात, माझ्याकडे पाहतात आणि विचारतात, "पितामही?" मी आजीचे नाव सांगतो. स्त्रियांच्या नावाला श्राद्धकर्मात जोडावयाचा 'दा' हा प्रत्यय ते त्यास लावतात, आमच्या गोत्राचा उच्चार करतात, तिला रुद्ररूप म्हणतात, आणि माझ्या हातून तिच्या नावाने तिलोदक सुटते. हे सर्व अर्ध्या मिनिटात होते. पित्याची पिढी वसुरूप, आजोबा-आजीची रुद्ररूप, पणजोबा-पणजीची आदित्यरूप, असा हा तीन पायऱ्यांचा जिना आहे. माझ्यामागे माझा मुलगा श्राद्धास बसेल, तेव्हा आजी आणखी एक पायरी वर चढून आदित्यरूप होईल. त्याच्या मुलाच्या वेळी तिचे नाव कोणी विचारणार नाही. शास्त्राने याविषयी कोणाची फसवणूक केलेली नाही. स्मरणाची मुदत तीन पिढ्यांची आहे, हे त्याने आधीच सांगून ठेवले आहे.

परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट मला पुष्कळ वर्षे खटकत आली. ज्या नावाने मी आजीला पाणी देतो ते नाव तिला तेराव्या वर्षी मिळाले. विवाहाच्या दिवशी ताटातील तांदळावर सोन्याच्या अंगठीने ते लिहिले गेले, आणि माहेरचे नाव त्याच दिवशी पुसले गेले. माहेरचे गोत्रही गेले. म्हणजे फोंडे महालातील एका घरात तेरा वर्षे जी मुलगी वावरली, तिला श्राद्धात पाणी मिळत नाही. मिळते ते बेळगावच्या घरातील सुनेला. त्या मुलीची कोठे काही नोंद राहिली असेल तर ती तिच्या ओव्यांत. आणि त्या ओव्यांचे मी काय केले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला आहे. त्याआधी ओवी या प्रकाराविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे.

ओवी ग्रंथांत आली त्याच्या कितीतरी आधीपासून ती बायकांच्या तोंडी होती, याला चांगला लेखी आधार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ शके १०५१ म्हणजे इसवी सन ११२९ मधला. त्यात गीतप्रकारांचा विचार करताना राजा सांगतो की महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात. ज्ञानदेवांची भावार्थदीपिका शके १२१२ मधली. म्हणजे ज्ञानदेवांनी गीतेचे तत्त्वज्ञान ज्या साच्यात ओतले तो साचा त्यापूर्वी किमान एकशेसाठ वर्षे मुसळाच्या घावाबरोबर घडत आला होता. ग्रंथातील ओवीला पुढे नियम लागले: पहिल्या तीन चरणांचे यमक जुळावयाचे, चौथा आखूड राहावयाचा. जात्यावरच्या ओवीने मात्र हे नियम कधी मानले नाहीत. ती बहुधा दोन ओळींची, खुंटा फिरवताना होणाऱ्या श्वासाएवढी लांब. अक्षरे कमी पडली तर सूर लांबवावयाचा, जास्त झाली तर गिळावयाची. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथे जनाबाईचे म्हणून जे जाते दाखवतात त्याच्यापुढे भाविक हात जोडतात. ते जाते तिचेच की काय, हा वाद मी घालणार नाही. मराठी मनाने संतकवयित्रीची खूण म्हणून जाते निवडले, एवढे मला पुरे आहे.

गोमंतकात या चित्रात थोडा फरक पडतो आणि तो लक्षात घेतल्यावाचून आजीच्या ओव्या समजणार नाहीत. घाटावरचा मुलूख जोंधळ्याचा. तेथे भाकरीसाठी रोज पहाटे दळण. गोव्याचा मुलूख भाताचा; तेथे रोजचे काम कांडण्याचे, आणि दळण लागे ते नाचण्याचे, उडदाचे, सणासुदीच्या तांदळाच्या पिठाचे. त्यामुळे घाटावर ओवी ही पहाटेची सोबतीण झाली, तर गोव्यात ती लग्नकार्याला, घाण्याला, हळद कांडण्याला अधिक चिकटली; आणि बायकांच्या एरवीच्या गाण्यांना पौषात मांडावरचे धालो आणि पावसाळ्यातील सणांना फुगडी अशी दुसरी स्थाने मिळाली. गोमंतकातील स्त्रीगीतांची भाषाही एकरंगी नाही. देवाधर्माचे बोलताना मराठी, घरातले बोलताना कोंकणी, आणि पुष्कळदा एकाच ओळीत दोन्ही. त्या बायकांना यात काही विसंगत वाटत नसे. विसंगती आमच्यासारख्या शाळा शिकलेल्यांना वाटू लागली.

या ओवीवर एकेकाळी सरकारी गंडांतरही आले होते. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० साली झाली आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते न्यायासन चालू होते. १४ एप्रिल १७३६ रोजी त्याने एक लांबलचक जाहीरनामा काढला. लग्नात ओव्या गाऊ नयेत, हळद लावू नये, घराशी तुळस लावू नये, असे अनेक निर्बंध त्यात होते. रोख मुख्यतः बाटलेल्या कुटुंबांवर होता. धर्म बदलूनही दोन शतके त्यांच्या घरांत जुने आचार टिकून होते, हे त्या जाहीरनाम्यावरूनच सिद्ध होते. आज गोव्यातील ख्रिस्ती लग्नात वधूवरांना नारळाचा रस लावताना जी गाणी म्हणतात त्यांना ओवी हेच नाव आहे. बंदी घालणारे गेले, ओवी राहिली. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने 'क्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली राचोल येथे ते छापले गेले, तेही ओवीतच. लोकांच्या कानात शिरावयाचे तर कोणत्या दाराने, हे त्याने बरोबर ओळखले होते.

फोंडे महाल या सर्वांतून वाचला, कारण तो १७६३ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. म्हणूनच सोळाव्या शतकात साष्टी, तिसवाडी भागातील देवालये मोडू लागली तेव्हा आमचे देव नदी ओलांडून त्या बाजूस आले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास. वाचकांना हे सर्व ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात यांतील एखाद्या देवतेचा टाक असेल. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले. शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने ते उभे राहिले. पण त्यापूर्वीच्या केळोशीविषयी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. गोमंतकातील आद्य ग्रंथकारांपैकी एक, कृष्णदास शामा, हा त्याच गावचा. त्याने 'श्रीकृष्णचरित्रकथा' १५२६ साली रचावयास घेतली, म्हणजे देवी अजून केळोशीत होती तेव्हा. आणि ती ओवीबद्ध आहे.

आता आजीकडे येतो. तिचा जन्म फोंडे महालात १८९५ च्या सुमाराचा. लग्न होऊन ती सावर्डे स्टेशनावरून लोंढ्यामार्गे बेळगावला आली ती पहिल्यांदाच आगगाडीत बसून. भाताच्या मुलखातली मुलगी जोंधळ्याच्या मुलखात येऊन पडली. माहेरी रोज दळण्याची सवय नव्हती. सासूने पहिल्याच आठवड्यात पहाटे उठवून जात्याशी बसवले. हाताला फोड आले. जात्याला ती शेवटपर्यंत 'दांतें' म्हणे, आणि आमच्या घरातील कानडी बोलणाऱ्या मोलकरणीलाही तिने तो शब्द शिकवला होता. घाटावरच्या ओव्या ती सासूकडून आणि शेजारणींकडून शिकली; माहेरच्या लग्नातल्या ओव्या तिला येत होत्याच. हळूहळू तिने त्या माहेरच्या ओव्या रोजच्या दळणाच्या चालीवर बसवल्या. मला वाटते, पुष्कळ घरांत असेच झाले असावे, आणि दोन प्रांतांच्या ओव्या एकमेकींत मिसळण्याचा मार्ग ग्रंथांपेक्षा अशा सुनांमधूनच गेला असावा.

मला आठवते तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरण आलेली होती आणि घरचे जाते रोजच्या कामातून सुटले होते. तरी आजी आठवड्यातून एकदोनदा त्याच्याशी बसे. नवरात्राचे पीठ गिरणीत देणे तिला मान्य नव्हते. पण पुष्कळदा दळण हे निमित्त असावे. उजव्या हाताने खुंटा, डाव्या हाताने मूठमूठ वैरण, आणि तोंडाने एकामागून एक ओवी. गळा फार गोड होता असे नव्हे. आवाज जरा घोगरा, आणि ओळीच्या शेवटी तो जात्याच्या घरघरीत बुडून जाई.

१९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची सरहद्द बंद झाली आणि आगगाडी थांबली. बेळगावातील गोमंतकीय घरांना त्या सहा वर्षांची आठवण अजून असेल. आजीचा एकुलता एक भाऊ त्या काळात वारला आणि बातमी तिला फार उशिरा, तिसऱ्याच्या तोंडून कळली. कुलदेवतेची ओटी राहिली. या वर्षांत ती एक ओवी वारंवार म्हणत असे, असे माझी आत्या सांगे. तिचा आशय एवढाच: नावाड्या, होडी हळू वल्हव, माझ्या हातात कुंकवाचे तबक आहे, ते भिजता कामा नये, मला केळोशीला देवीच्या पायांपाशी जावयाचे आहे. ती ओवी मी येथे शब्दशः देत नाही. ती मजजवळ आहे त्या रूपात देण्याचा मला अधिकार नाही, आणि तो का नाही हे आता सांगतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली वडिलांनी आजीला देवीच्या दर्शनास नेले. मीही होतो, माझे वय अकरा. दीपस्तंभ, समोरचे तळे, गर्भगृहातील समया, हे सर्व मी डोळे भरून पाहिले. आजी देवीपुढे बराच वेळ उभी राहिली. मला वाटले होते ती रडेल. ती रडली नाही; पुजाऱ्याने प्रसाद दिला तो पदरात घेऊन ती मागे वळली आणि म्हणाली, "चल, पुता."

त्यानंतर दोन वर्षांनी शाळेत मराठीच्या शिक्षकांनी आम्हाला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या ओव्या लिहून आणावयास सांगितले. कल्पना उत्तम होती. मी एक शंभर पानी वही घेतली आणि सुटीच्या चार दुपारी आजीसमोर बसून लिहिले. ती म्हणे, मी लिही. पण लिहिताना माझ्यातला पहिल्या बाकावरचा विद्यार्थी जागा होता. तिने 'दांतें' म्हटले की मी 'जाते' लिही. कोंकणी क्रियापद आले की त्याचे मराठी करी. चुकून तिचा शब्द जसाच्या तसा उतरला तर तो खोडून वर शुद्ध शब्द लिही. आणि ती होडीची ओवी आली तेव्हा मला आजीची ढळढळीत चूक सापडली. देवी केळोशीला कोठे आहे? देवी कवळ्याला आहे. मी स्वतः पाहून आलो होतो. मी केळोशी खोडले आणि कवळे लिहिले. दोन्ही तीन अक्षरी. चाल कोठेही अडखळली नाही. मग ती ओवी मी आजीला मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. ती क्षणभर ऐकत राहिली. मी विचारले, "आजी, केळोशी का म्हणतेस?" ती म्हणाली, "अशेंच म्हणटात." मी म्हटले, "पण देवी तर कवळ्याला आहे." तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "तुजेंच खरें आसतलें, पुता."

वहीला वर्गात शाबासकी मिळाली. आजी १९६८ साली गेली.

पुढे महाविद्यालयात असताना अ. का. प्रियोळकर यांचे गोव्यातील इन्क्विझिशनविषयीचे, १९६१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक माझ्या हाती पडले आणि त्यानंतर गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास मी जमेल तेथून वाचू लागलो. केळोशी हे नाव छापलेले पाहिले त्या दिवशी मी पुस्तक मिटून घरी गेलो आणि ती वही शोधून काढली. मी ज्याला आजीची चूक म्हटले होते, ते देवीचे मूळ ठिकाण होते. चारशे वर्षांपूर्वीचे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहिले पाहिजे. आजीच्या ओवीत सोळाव्या शतकातील स्थलांतराची आठवण जशीच्या तशी टिकून राहिली, असे म्हणावयाचा मोह मला झाला होता आणि पुष्कळ दिवस मी ते ठणकावून सांगतही असे. आता सांगत नाही. देवीचे मूळ गाव केळोशी, ही गोष्ट पुजाऱ्यांच्या, पुराणिकांच्या तोंडून कोणाही भाविकाला कळण्यासारखी आहे. ती ओवी शंभर वर्षांपूर्वीचीही असू शकेल. दुसरे असे की, होडीतून केळोशीला जाणारी ती बाई कोण? जुवारीच्या या तीरावरून त्या तीरावर देवीच्या मूळ जागेचे दर्शन घ्यावयास निघालेली, की त्या गावी माहेर असलेली आणि माहेरालाच देवीचे पाय म्हणणारी एखादी पणजी? बायकांच्या ओवीत माहेर आणि तीर्थ यांची अशी अदलाबदल नेहमी होते. तिसरी शक्यताही मला दिसते: सरहद्द बंद असताना आजीनेच ते नाव जुन्या ओवीत घातले असेल. पोहोचता येत नाही अशा गावाचे नाव त्या दिवसांत तिला अधिक खरे वाटले असेल. यांपैकी कोणते खरे, हे ओवी म्हणणारीच सांगू शकली असती. आणि मी तिला विचारले होते. तिने उत्तरही दिले होते. मात्र मी ते उत्तर मानले नाही.

माझ्यासारखी चूक पुष्कळांनी केली आहे आणि काहींनी ती मोठ्या निष्ठेने टाळलीही आहे. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्रीजीवन' या नावाने ओव्यांचा संग्रह सिद्ध केला तेव्हा या वाङ्मयाकडे सुशिक्षितांचे लक्ष प्रथमच इतक्या जिव्हाळ्याने वळले. पुढे सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी निवर्तल्या. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपून ठेवली होती आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती प्रसिद्ध झाली. त्यांतील खानदेशी बोली कोणी 'सुधारली' नाही म्हणूनच ती आज आपल्यापुढे जिवंत आहेत. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठी त्यांना उत्तम येत होती. तरी आईच्या शब्दाला त्यांनी हात लावला नाही. तेरा वर्षांच्या माझ्या शहाणपणाशी हे ताडून पाहतो तेव्हा मान खाली जाते. अलीकडे पुण्यातून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गावही नोंदवले. ओवी अनाम असते, ती सर्वांची असते, असे आपण फार सहज बोलून जातो. म्हणणारीने आपल्या भावाचे, लेकाचे, गावाचे नाव त्यात घातलेले असते. पुढची ते काढून आपले घालते.

संग्रह चाळताना आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या वाचनात तरी आई, भाऊ, लेक, सखी, सासुरवास यांवरच्या ओव्या अपार. आजीवरच्या ओव्या त्या मानाने विरळ. नातवंडांवरच्या मात्र पुष्कळ, कारण त्या आजीच म्हणते. जिच्या मांडीशी बसून मुली ओवी शिकल्या तिला स्वतःवर ओवी मिळाली नाही. आमच्या आत्याला मी एकदा विचारले की आजी गेल्यावर तू तिच्यावर एखादी ओवी केलीस का? ती म्हणाली, "तिच्याच म्हणते. वेगळी कशाला?" आत्याही आता नाही. ती असताना मी ध्वनिफीत करून ठेवावयास हवी होती. जवळ यंत्र होते, वेळही होता.

जाते अजून घरात आहे. वरची तळी निराळी काढून अंगणात कुंडीखाली ठेवली होती. सुनेने ती उचलून पुन्हा जागेवर बसवली. खुंटा मोडला आहे. गेल्या पितृपक्षात सर्वपित्रीच्या दुपारी, पाने उचलून झाल्यावर, मी वही घेऊन तिच्यापाशी बसलो आणि खोडलेले शब्द भिंगाखाली धरून एकेक वाचू लागलो. शाईने नुसते ओढलेले शब्द दिसतात. 'दांतें' सात ठिकाणी लागले. केळोशी तर स्वच्छ वाचता येते. त्याच्या शेजारी समासात मी ते पुन्हा लिहिले आणि वरच्या कवळ्यालाही तसेच राहू दिले. मात्र काही ठिकाणी त्या वेळी मी ब्लेडने कागद खरवडला होता, वही नीटनेटकी दिसावी म्हणून. अशा सहा जागा आहेत. त्यांतील एका ओवीत ती आपले माहेरचे नाव घेत असावी, असे चालीवरून वाटते. तेथे कागद इतका झिजला आहे की उजेडाकडे धरला तर पलीकडची बोटे दिसतात.